गरम इंजिन सुरू का होत नाही? : दोष शोधण्याची पद्धत

मोटारीचे काही दोष असे असतात, की गाडी गॅरेजमध्ये नेल्यावर ते दिसतच नाहीत. इंजिन गरम असताना सुरू न होणे हा त्यांतला सर्वांत फसवा दोष. सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू होणारी मोटार बेलापूरहून पामबीच मार्गाने वाशीला व्यवस्थित पोहोचते. मालक पंधरा-वीस मिनिटांत काम उरकून परत येतो आणि किल्ली फिरवतो, तर इंजिन नुसते फिरत राहते. अर्ध्या-पाऊण तासाने तीच गाडी काही न करता सुरू होते. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक पाहतो तेव्हा गाडीला काहीच झालेले नसते.

दोष दिसत नाही म्हणून मग अंदाजाने सुटे भाग बदलले जातात. आधी बॅटरी, मग स्पार्क प्लग, नंतर इंधनपंप. काही हजार रुपये खर्च होतात आणि दुपारी गाडी पुन्हा तिथेच अडते. टॅक्सीवर पोट असलेल्या चालकाच्या दृष्टीने हा दिवसाच्या कमाईचा प्रश्न असतो. अटल सेतूवर किंवा शीव-पनवेल महामार्गावर गाडी बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली नाही, तर तो जिवाचाही प्रश्न होऊ शकतो. वस्तुतः या दोषाची कारणे मोजकी आहेत आणि योग्य क्रमाने गेल्यास ती एकेक करून वगळता येतात. प्रस्तुत लेखात तो क्रम दिला आहे.

बॉनेटखाली काय घडते?

चालत्या इंजिनाची उष्णता शीतक द्रव रेडिएटरकडे वाहून नेत असतो. समोरून येणारा वारा आणि पंखा ती बाहेर टाकतात. इंजिन बंद करताच पाण्याचा पंप थांबतो आणि वाराही थांबतो. मात्र सिलिंडर हेड आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांत साठलेली उष्णता कुठे जात नाही. ती हळूहळू आजूबाजूच्या भागांत, म्हणजे इंधनाच्या नळ्या, इंजेक्टर, सेन्सर, इग्निशन कॉइल आणि स्टार्टर यांत पसरते. म्हणून बॉनेटखालचे तापमान इंजिन बंद केल्यावर लगेच उतरत नाही, उलट काही काळ चढते. साधारण पंधरा ते तीस मिनिटांनी ते सर्वाधिक असते व त्यानंतर उतरू लागते. नवी मुंबईत एप्रिल-मे महिन्यांत किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात बाहेरचा पाराच चढलेला असतो. अशा वेळी हा काळ आणखी लांबतो.

गाडी बंद करून लगेच सुरू केली तर होते, वीस मिनिटांनी होत नाही आणि दीड तासाने पुन्हा होते, या कोड्याचे उत्तर येथे आहे. ज्या भागात आधीच थोडी कमजोरी आहे, तो भाग या वीस मिनिटांच्या तापात हात टेकतो.

पेट्रोल हे एकच द्रव्य नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळू लागतात, तर जड घटकांना २०० अंशांच्या पुढे जावे लागते. इंधनाच्या नळीत दाब टिकून असेल तर उकळणबिंदू वर सरकतो आणि पेट्रोल द्रवरूपातच राहते. दाब गेला की तापलेल्या नळीत बाष्पाचे बुडबुडे तयार होतात. द्रवासाठी बनवलेला पंप किंवा इंजेक्टर बुडबुड्यांपुढे निष्प्रभ ठरतो. यालाच गॅरेजच्या भाषेत ‘वेपर लॉक’ म्हणतात.

पद्मिनीच्या काळातील धडा

मुंबई परिसरातील जुन्या चालकांना हा प्रकार नवा नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही कार्बोरेटरची गाडी होती. तिचा यांत्रिक इंधनपंप थेट इंजिनाला जोडलेला असे. मागच्या टाकीतले पेट्रोल तो ओढून घेई. ओढले जाताना नळीतील दाब वातावरणापेक्षाही कमी होई आणि त्यातच पंप इंजिनाच्या तापाने तापलेला. घाट चढून आल्यावर किंवा उन्हातल्या रांगेत इंजिन बंद केले, की पंपातच बाष्प धरे. चालक बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवत आणि थोड्या वेळाने गाडी सुरू होई. पद्मिनीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेल्या.

त्या गाड्यांत दुसराही प्रकार होई. कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल तापून उकळे आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये सांडे. मग इंधन कमी नव्हे, तर जास्त झाल्याने इंजिन अडे. बाहेरून दोन्ही दोषांचे रूप सारखेच, पण उपाय परस्परविरुद्ध! तापलेल्या इंजिनात इंधन कमी पडते आहे की अधिक होते आहे, हा प्रश्न आजही निदानाच्या मध्यभागी आहे.

आजच्या गाड्यांत पंप टाकीच्या आत असतो आणि तो पेट्रोल ओढत नाही, मागून ढकलतो. इंजेक्टरपर्यंत साधारण ३ ते ४ बार दाब असतो. त्यामुळे खराखुरा वेपर लॉक क्वचितच होतो. तो झालाच, तर इंजिन बंद असताना दाब कुठून तरी गळतो आहे असे समजावे.

पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचाही येथे विचार करावा लागतो. देशात २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. थोड्या प्रमाणात मिसळलेले इथेनॉल पेट्रोलचा बाष्पदाब किंचित वाढवते. ही वाढ ५ ते १० टक्क्यांच्या आसपास सर्वाधिक असते व पुढे ती उतरते. त्यामुळे सुस्थितीतील इंजेक्शनच्या गाडीला केवळ इथेनॉलमुळे गरम सुरुवातीचा त्रास होईल असे समजण्याचे कारण नाही. मात्र कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत, तसेच या मिश्रणासाठी न बनवलेल्या रबरी नळ्या आणि सील असलेल्या गाड्यांत गळती तपासून घ्यावी.

निदानापूर्वीचे चार प्रश्न

गॅरेजची पायरी चढण्यापूर्वी मालकाने चार गोष्टी टिपून ठेवल्यास अर्धे निदान तेथेच होते.

१) इंजिन बंद केल्यापासून किती वेळाने त्रास होतो? लगेच होतो, वीस मिनिटांनी होतो, की उन्हात चार तास उभ्या राहिलेल्या गाडीला होतो? यातला शेवटचा प्रकार वेगळा आहे. तेथे इंजिन थंड असते आणि गाडीचा अंतर्भाग तापलेला असतो. मग संशय डॅशबोर्डखालील रिलेवर किंवा वायरिंगवर घ्यावा. होंडाच्या १९८० आणि १९९० च्या दशकांतील मोटारींमध्ये मुख्य रिलेच्या टाक्यांना सूक्ष्म तडे जात. गाडीचा अंतर्भाग तापला की जोड सुटे आणि इंधनपंपाला वीज मिळत नसे.

२) सेल्फ मारल्यावर स्टार्टर कसा फिरतो? नेहमीच्या जोराने, मंद, की नुसती ‘टक्’ होऊन गप्प बसतो?

३) वास कसला येतो? पेट्रोलचा उग्र वास आणि सुरू होताना काळा धूर असेल तर इंधन जास्त झाले आहे. वास अजिबात नसेल तर इंधन पोहोचत नाही किंवा इंजेक्टरना आज्ञाच मिळत नाही.

४) डॅशबोर्डवर काय दिसते? इंजिनाचा दिवा चालू गाडीत पेटलेला राहतो का? इमोबिलायझरचा दिवा लुकलुकतो का? स्टार्टर फिरत असताना आरपीएमचा काटा थोडासा तरी हलतो का?

ही माहिती कागदावर लिहून मेकॅनिकच्या हाती द्यावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी त्याला थंड अवस्थेत दाखवू नये. तिला गॅरेजच्या दारात गरम करून, वीस मिनिटे उभी ठेवून, त्रास होत असतानाच तपासण्याचा आग्रह धरावा. थंड इंजिनावर केलेली चाचणी या दोषात बहुधा निरुपयोगी ठरते.

स्टार्टर मंद फिरत असेल तर

स्टार्टर मंद असेल तर इंधनाचा विचार बाजूला ठेवावा. दोष विजेचा आहे. स्टार्टर बहुधा एक्झॉस्टजवळ किंवा इंजिनाच्या खालच्या अंगाला असतो आणि चांगलाच तापतो. तांब्याचा विद्युतरोध तापमानागणिक वाढतो. २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत गेल्यास ही वाढ सुमारे ३० टक्के होते. धडधाकट बॅटरी, स्वच्छ जोड आणि चांगला स्टार्टर असेल तर हा भार सहज पेलला जातो. तिघांपैकी एक जरी अधू असेल, तरी गरम असताना त्याचे अधूपण उघड होते.

तपासणीसाठी साधा मल्टिमीटर पुरतो. काही काळ उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भारित बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असावा. सेल्फ मारत असताना तो ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. खाली जात असेल तर बॅटरी तरी दुबळी आहे किंवा स्टार्टर तरी अवाजवी वीज खातो आहे. बॅटरीचा दाब चांगला राहूनही स्टार्टर मंद असेल, तर वीज वाटेत हरवते आहे. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. तेथे ०.२ व्होल्टपेक्षा अधिक फरक दिसल्यास अर्थिंग खराब आहे. धन टोकापासून स्टार्टरच्या मुख्य जोडापर्यंत हा फरक ०.५ व्होल्टच्या आत असावा.

नवी मुंबईत ही चाचणी विशेष महत्त्वाची आहे. ठाणे खाडीच्या काठाने वसलेल्या या शहरात हवा दमट आणि खारट आहे. गिअरबॉक्सपासून चासीपर्यंत जाणारी अर्थिंगची पट्टी आणि बॅटरीची टोके येथे लवकर गंजतात. शेकडो रुपयांत होणारी ही दुरुस्ती सोडून हजारो रुपयांचा स्टार्टर बदलला जाणे असंभव नाही.

जोडही ठीक असतील तर मग स्टार्टर उतरवून त्याचे ब्रश, बुश आणि सोलेनॉइड पाहावे. नुसती ‘टक्’ होऊन स्टार्टर फिरत नसेल तर संशय प्रथम सोलेनॉइडवर घ्यावा. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या गाडीत टायमिंग फार पुढे असल्यासही गरम इंजिन स्टार्टरला उलटा झटका देते, हेही लक्षात ठेवावे.

स्टार्टर जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही

या स्थितीत दोनच शक्यता उरतात. ठिणगी नाही, किंवा इंधन योग्य प्रमाणात नाही. दोन्ही गोष्टी गाडी अडलेली असतानाच तपासाव्यात. ठिणगीसाठी स्पार्क टेस्टर वापरावा. प्लगची वायर हातात धरून किंवा मोकळी ठेवून ठिणगी पाहण्याची जुनी रीत आजच्या गाड्यांत टाळावी. त्यात विजेचा धक्का बसतो, इंजिनाच्या संगणकाला इजा होऊ शकते आणि पेट्रोलची वाफ असल्यास आगीची भीती असते.

त्यानंतर एक प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही. पेट्रोलने भिजलेला असेल आणि ठिणगी चांगली असेल, तर इंधन जास्त झाले आहे. भिजलेला असून ठिणगी नसेल, तर कॉइल किंवा तिचे वायरिंग तपासावे. कॉइलच्या आतील बारीक तारेला तडा गेला असल्यास तापल्यावर तो रुंदावतो आणि ठिणगी बंद पडते.

क्रँकशाफ्ट सेन्सर : नेहमीचा संशयित

प्लग कोरडा आहे आणि ठिणगीही नाही, असे दोन्ही एकदम दिसले तर संशयाची सुई क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सरकडे वळते. इंजिन फिरत आहे आणि पिस्टन कोणत्या स्थितीत आहे, हे संगणकाला हाच भाग सांगतो. त्याचा संदेश आला नाही तर संगणकाच्या लेखी इंजिन उभेच असते. तो ना ठिणगी देतो, ना इंधन. या सेन्सरमधील तारेचे वेटोळे किंवा इलेक्ट्रॉनिक भाग तापल्यावर तुटतो आणि निवल्यावर पुन्हा जोडला जातो. चालती गाडी अचानक बंद पडणे आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होणे हे त्याचे ठळक लक्षण आहे.

स्कॅनर लावून सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे पाहावेत. साधारण १५० ते २५० दिसायला हवेत. स्टार्टर जोरात फिरत असताना शून्य दिसत असेल तर सेन्सर, त्याचा जोड किंवा वायर सदोष आहे. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवरील काट्यावरूनही हे कळते. अशा वेळी संगणकात ‘पी ०३३५’ हा संकेतांक नोंदलेला असू शकतो. मात्र संकेतांक नसला म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही.

खात्री करण्याचा उपाय साधा आहे. संशयित भागाला तापवावे आणि मग निववावे. थंड गाडीत सेन्सरला केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब द्यावी. गाडी अडली, तर ओल्या फडक्याने तो निववावा. गाडी लगेच सुरू झाली तर गुन्हेगार सापडला. कॉइल आणि रिले यांनाही हीच कसोटी लावता येते. भाग बदलण्यापूर्वी हे पाच मिनिटांचे काम मेकॅनिककडून करून घ्यावे.

इंधनाचा दाब टिकतो का?

ठिणगी आहे, प्लग कोरडा आहे आणि फार वेळ सेल्फ मारल्यावर अडखळत का होईना गाडी सुरू होते. हे लक्षण बंद अवस्थेत दाब गळण्याचे आहे. त्यासाठी एक चाचणी मालक स्वतःच करू शकतो. गाडी अडलेली असताना किल्ली ‘ऑन’ करावी, सेल्फ मारू नये. मागच्या सीटखालून पंपाचा दोनएक सेकंद गुणगुणण्याचा आवाज येतो. किल्ली बंद करून हीच क्रिया तीन-चार वेळा करावी आणि मग सेल्फ मारावा. गाडी तत्काळ सुरू झाली तर दाब गळत होता, हे जवळजवळ निश्चित. पंपाचा आवाज आलाच नाही तर फ्यूज, रिले आणि पंपाचे वायरिंग पाहावे.

गळती कुठे आहे हे दाबमापक लावून ठरवता येते. इंजिन बंद केल्यावर दाब थोडा उतरतो, पण बराच वेळ टिकून राहतो. तो काही मिनिटांतच शून्यावर येत असेल, तर मेकॅनिक पुरवठ्याची नळी योग्य झडपेने बंद करून पुन्हा पाहतो. आता दाब टिकला तर पंपातील एकदिशा झडप किंवा टाकीतील दाबनियंत्रक खराब आहे. तरीही उतरला तर एखादा इंजेक्टर ठिबकतो आहे. इंधन टाकीकडे परत नेणारी नळी असलेल्या जुन्या रचनेत दाबनियंत्रक इंजिनापाशी असतो. तेथे त्याचीही स्वतंत्र तपासणी करावी लागते. गरम इंजिनावर इंधनाची नळी मोकळी करणे हे जाणकाराचेच काम आहे. ते रस्त्यात करू नये.

टाकीत पेट्रोल सतत अगदी कमी ठेवण्याची सवयही पंपाला मारक ठरते. टाकीतल्या पेट्रोलनेच पंप निवत असतो.

इंधन जास्त होत असेल तर

पेट्रोलचा वास, भिजलेले प्लग आणि काळा धूर ही लक्षणे असतील, तर अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत अशा वेळी संगणक इंधन बंद करतो आणि केवळ हवा आत जाऊन साचलेले पेट्रोल निघून जाते. कार्बोरेटरच्या गाडीतही पायडल दाबून धरावे. वारंवार दाबून सोडल्यास पेट्रोल आणखी वाढते. या युक्तीने गाडी सुरू झाली तर पुढील तीन भाग तपासावेत.

पहिला, ठिबकणारा इंजेक्टर. त्याची चाचणी वर दिलीच आहे.

दुसरा, शीतकाचे तापमान सांगणारा सेन्सर. त्याचा विद्युतरोध तापमान वाढल्यावर घटतो. बहुतेक गाड्यांत २० अंशांना तो २ ते ३ किलोओम आणि ८० अंशांना ३०० ओमच्या आसपास असतो. तो बिघडून इंजिन थंड असल्याचे सांगू लागला, तर संगणक गरम इंजिनाला थंडीतली खुराक देतो. स्कॅनरवर दिसणारे तापमान आणि प्रत्यक्ष तापमान यांची तुलना केल्यास हा दोष लगेच कळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत सकाळी शीतकाचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे.

तिसरा, टाकीतील वाफ इंजिनाकडे सोडणारी पर्ज झडप. ती उघडी अडकल्यास पेट्रोल भरून झाल्यावर लगेच गाडी सुरू होताना कुरकुरते. ‘पंपावरून निघतानाच त्रास होतो’ अशी तक्रार असेल तर प्रथम ही झडप पाहावी. इंजिन बंद असताना व तिला वीज नसताना तिच्यातून हवा फुंकली जाता कामा नये.

सीएनजीच्या गाड्या

महानगर गॅसच्या पंपांमुळे नवी मुंबईत सीएनजीवर धावणाऱ्या मोटारी मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या निदानात एक सोपी पायरी आहे. थांबण्यापूर्वी चार-पाच किलोमीटर गाडी पेट्रोलवर चालवावी, पेट्रोलवरच बंद करावी आणि वीस मिनिटांनी पेट्रोलवर सुरू करावी. त्रास नाहीसा झाला तर दोष गॅसच्या रेग्युलेटरमध्ये किंवा गॅस इंजेक्टरमध्ये आहे. ते बंद अवस्थेत गॅस मॅनिफोल्डमध्ये सोडत असावेत. त्रास तसाच राहिला तर वर सांगितलेला क्रम अनुसरावा. गॅसचा वास येत असेल तर कोणतीही चाचणी न करता सिलिंडरची झडप बंद करावी आणि अधिकृत केंद्रातच जावे.

दुसरा मुद्दा टॅपेटचा. सीएनजी हे कोरडे इंधन असल्याने त्यावर व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक अधिक झिजतात. झीज झाली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटमधील फट कमी होते. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह लांबतो आणि उरलीसुरली फटही संपते. मग तो पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन गळते. अशी गाडी थंड असताना ठीक चालते, गरम असताना सुरू होत नाही आणि सुरू झाल्यावर अडखळते. कॉम्प्रेशनची चाचणी म्हणूनच गरम इंजिनावर करावी. पेट्रोल इंजिनात ते साधारण १० ते १३ बार असते. एखाद्या सिलिंडरचे मोजमाप इतरांपेक्षा बरेच कमी असेल तर टॅपेट तपासावेत. कंपनीने सांगितलेल्या अंतराला टॅपेट सेटिंग करून घेणे हा सर्वांत स्वस्त प्रतिबंध आहे. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावे लागते. ज्या इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट आहेत, त्यांना हे सेटिंग लागत नाही.

डिझेलच्या गाड्या

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो आणि गरम असताना ग्लो प्लगचा प्रश्न येत नाही. तेथे मुख्य कारण झीज हे आहे. तापल्यावर डिझेल पातळ होते आणि झिजलेल्या पंपातून किंवा इंजेक्टरमधून मागे गळते. कॉमन रेल गाड्यांत रेलमधील दाब साधारण २०० बारपर्यंत चढल्याशिवाय संगणक इंजेक्टर उघडत नाही. गळतीमुळे सेल्फच्या वेगावर तेवढा दाब तयार होत नाही आणि गाडी नुसती फिरत राहते. स्कॅनरवर रेलचा दाब पाहावा. नंतर प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला लहान बाटली लावून गळती मोजावी. जी बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरते, तो इंजेक्टर सदोष. चारही सारखे भरत असतील आणि दाब तरीही कमी असेल, तर पंपाकडे वळावे. चारही इंजेक्टर सरसकट बदलण्याचा सल्ला मिळाल्यास आधी ही बाटलीची चाचणी मागावी. त्यावर खर्चातला मोठा फरक अवलंबून असतो.

रस्त्यातच अडकल्यास

पूल, उड्डाणपूल किंवा महामार्ग असेल तर दुरुस्तीपूर्वी सुरक्षितता पाहावी. धोक्याचे दिवे लावावेत, गाडी शक्य तितकी कडेला घ्यावी, मागे अंतरावर त्रिकोण ठेवावा आणि प्रवाशांनी कठड्यापलीकडील सुरक्षित जागी उभे राहावे. मदतीसाठी ११२ हा क्रमांक लावावा.

नंतर बॉनेट उघडून उष्णता बाहेर जाऊ द्यावी. तापमानाचा काटा लाल पट्टीत असेल तर प्रश्न सुरू होण्याचा नसून इंजिन अतितप्त झाल्याचा आहे. तेव्हा सेल्फ मारू नये आणि रेडिएटरचे झाकण मुळीच उघडू नये. काटा सामान्य असेल तर प्रथम किल्ली तीन-चार वेळा ‘ऑन’ करून पाहावी, मग अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून पाहावा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे. सतत सेल्फ मारल्याने स्टार्टर आणखी तापतो. न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करते, ते वेगळेच. तापलेल्या इंजिनावर किंवा एक्झॉस्टवर गार पाणी ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो.

यातील कोणत्या युक्तीने गाडी सुरू झाली, हे लक्षात ठेवावे. त्या क्षणी निदानाचा सर्वांत मोलाचा पुरावा हाती आलेला असतो.

लक्षण आणि संशयित : एका दृष्टिक्षेपात

– स्टार्टर मंद : बॅटरी, अर्थिंग, स्टार्टर.
– नुसती ‘टक्’ : सोलेनॉइड, बॅटरीचे जोड.
– स्टार्टर जोरात, ठिणगी नाही, प्लग कोरडा : क्रँकशाफ्ट सेन्सर, मुख्य रिले.
– प्लग भिजलेला, ठिणगी नाही : इग्निशन कॉइल व तिचे वायरिंग.
– किल्ली तीन-चार वेळा ‘ऑन’ केल्यावर सुरू : पंपाची एकदिशा झडप, दाबनियंत्रक, इंजेक्टर.
– अॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर सुरू, काळा धूर : ठिबकणारा इंजेक्टर, तापमान सेन्सर.
– पेट्रोल भरल्यावरच त्रास : पर्ज झडप.
– इंजिन थंड, पण गाडी उन्हात तापलेली : रिले, डॅशबोर्डखालील जोड.
– सीएनजी गाडी, सुरू झाल्यावरही अडखळते : टॅपेट, व्हॉल्व्ह.
– डिझेल, रेलचा दाब चढत नाही : इंजेक्टरची परत गळती, उच्चदाब पंप.

गाडी गॅरेजमध्ये देताना ‘गरम झाल्यावर सुरू होत नाही’ एवढेच सांगून थांबू नये. ‘वीस मिनिटे थांबल्यावर होत नाही, स्टार्टर जोरात फिरतो, पेट्रोलचा वास नाही, काटा हलत नाही’ असे सांगावे. बदललेला प्रत्येक जुना भाग परत मागावा आणि तो कोणत्या चाचणीत नापास झाला हे विचारावे. त्याचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने दोष शोधलेला नसून केवळ अंदाज केलेला असतो. दुरुस्तीनंतरही गाडी ताब्यात घेण्यापूर्वी ती गरम करून, वीस मिनिटे उभी ठेवून पुन्हा सुरू करून पाहावी. या दोषापुरती खरी परीक्षा तीच आहे.